हांबुर्ग ते व्हिएन्ना, उपाहारडबा

टोपली एकच. पावही तेच,
पहाटे आल्टोनाच्या भट्टीतून आलेले,
वरून कडक, आत कापूस.
ओटोकार वेसेली फडकं झटकतो
आणि नव्या पोरीला सांगतो :
हांबुर्गात याला रुंडश्टुक म्हणायचं,
हानोफरला ब्र्योटशेन,
न्युर्नबेर्गला वेगला, तोंडात लोणी धरल्यासारखं,
आणि पासाऊ आलं की झेमल.
पाव बदलत नाही. किंमतही नाही.
बदलायचं ते तू.

गेझा हुसुमची. समुद्राकाठची, कमी बोलणारी.
सकाळी मॉइन, दुपारी मॉइन, निजतानाही मॉइन.
काल लिंट्सचा एक गृहस्थ घड्याळच बघत राहिला,
संध्याकाळी सात वाजता ही कसली सकाळ?

कप विसळता विसळता शिकवणी चालू राहते.
दक्षिणेकडे बटाटा होतो जमिनीतलं सफरचंद.
टोमॅटो व्हिएन्नात पाराडायझर, थेट स्वर्गातून उतरवलेला.
लिंबूसरबत घातलेली बिअर
हांबुर्गात आल्स्टर तळ्याचं पाणी,
म्युनिकच्या माणसाला मात्र राडलर, सायकलवाला.
रंग तोच, फेसही तोच,
पण त्याला तळ्याचं पाणी दिलंस तर ग्लास परत येईल.
आणि ही लांबोडकी सॉसेजची जोडी?
जर्मनीत म्हण व्हिएन्नाची,
व्हिएन्नात म्हण फ्रँकफुर्टची.
बिचारीला दोन्हीकडे सासरच.

नुसती कॉफी? छे.
कापडाच्या दुकानात जाऊन
नुसतं ‘कापड द्या’ म्हणतं का कुणी?
मेलांज की ब्राउनर, विचार.
वरची साय श्लागओबर्स.
त्यातला ‘ओ’ जरा लांबव, घाई नाही आपल्याला.

गेझा वहीत लिहिते, शब्दाला शब्द बाणांनी जोडते.
गाडी वळली की बाण वाकडे होतात.

मग ओटोकार बराच वेळ काही बोलत नाही.
एकच काटा तीनदा पुसतो.

नोव्हेंबर होता, म्हणतो.
श्ट्राउबिंगच्या पुढे गाडी धुक्यात उभी, दिवे अर्धे.
चौथ्या टेबलाशी एक म्हातारी,
तिकीट लिंट्सचं, त्यावर नाव फ्राउ हिंटरलाइटनर.
तिनं टोपलीकडे बोट केलं.
ओठ हलले, शब्द येईना.
ते, म्हणाली. ते... गोल.
मी म्हणालो, झेमल.
लिंट्सच्या बाईला दुसरं काय म्हणणार?
तिनं मान हलवली. नाही.
वेगला? नाही.
ब्र्योटशेन? तिनं डोळेच मिटले.
मी एकेक स्टेशन मागे जात होतो
आणि गाडी जागची हलत नव्हती.
शेवटी म्हणालो, रुंडश्टुक.

दोन्ही हातांनी घेतला तिनं पाव.
एक्केचाळीस वर्षं झाली म्हणाली लिंट्सात.
पहिल्याच आठवड्यात सासूनं तो शब्द
स्वयंपाकघराच्या दाराबाहेर
काढून ठेवायला लावला होता, चपलांसारखा.
पुढे तो तिथंच राहिला.
लोणी नको म्हणाली. पैसे सुट्टे दिले.
उतरताना मात्र ‘प्फिआट इनेन’ म्हणाली,
अगदी तिथलीच असल्यासारखी.

गेझाची पेन्सिल थांबलेली.
आणि तुम्ही? घरी याला काय म्हणता?

ओटोकार टोपलीवर फडकं ओढतो.
फ्लोरिड्सडॉर्फला पोचेपर्यंत तोंड इतकं थकतं,
बायको विचारते, काय देऊ?
मी नुसतं बोट करतो.

खिडकीत झांक्ट प्योल्टनची पाटी सरकते.
टेबल सहावर कुणीतरी हात वर केलाय.
गेझा वही एप्रनच्या खिशात कोंबते, जाते,
‘मॉ’ म्हणते,
थांबते,
ग्र्युस गॉट.